गोतातलं गाढव

मराठी घरातल्या मुलाला धड बोलता येण्याआधीच त्याचं गणगोत ठरलेलं असतं. अंगणात चिमणी उतरली की ती चिऊताई. मांजर ही वाघाची मावशी, म्हणजे लांबून का होईना, वाघही नात्यातलाच. गाय तर थेट आईच. आकाशातला चांदोबा मामा आणि बिळातला उंदीरही मामा. पिंडाला शिवणारा कावळा म्हणजे प्रत्यक्ष आजोबा-पणजोबा. त्यांच्यासाठी पितृपक्षात पान वाढायचं आणि ते वेळेवर आले नाहीत तर गच्चीत उभं राहून, शेजारचे बघत असताना, 'काव काव' करत त्यांची मनधरणी करायची. इतक्या सढळ हाताने नाती वाटणाऱ्या या समाजाने एका जनावराला मात्र पंगतीतून उठवलं आहे. गाढवमामा, गाढवकाका, गाढवभावजी असं कुणी म्हटलेलं निदान माझ्या कानावर नाही. पंचतंत्रातल्या कोल्ह्याने एकदा गाढवाला मामा म्हटलं होतं, पण ते काकडीच्या शेतात, रात्री, दोघं मिळून चोरी करत असताना. चांदणं बघून मामांना गायची हुक्की आली, तेव्हा भाचा शहाणपणाने कुंपणाबाहेर जाऊन बसला. मार एकट्या मामांनी खाल्ला.

आणि गंमत अशी, की ज्याला आपण घरात घेत नाही त्याचंच नाव पोटच्या पोराला दिवसभर देत असतो. आमच्या घरी आई 'गाढवा, जेवलास का?' असं विचारायची तेव्हा त्या शब्दावर तूप असायचं. वडिलांचं 'गाढव आहेस' हे निदान असे आणि त्यावर औषध नसे. शाळेत गणिताचे मास्तर 'गाढवांनो' अशी सुरुवात करत, तेव्हा कुणालाच वैयक्तिक वाईट वाटत नसे, उलट वर्गात एक एकोपा पसरे. पुढे माणूस मोठा होतो, फसतो, जामीन राहून पैसे बुडवतो आणि रात्री बायकोसमोर कबूल करतो, 'मीच गाढव, त्याचं ऐकलं.' माणूस अगदी मनापासून खरं बोलायला लागतो त्या क्षणी त्याच्या तोंडी सिंह येत नाही, गरुड येत नाही. 'मीच गरुड' असं कुणी आजवर कळवळून म्हटलेलं नाही.

माझं बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात, कुंभारवाड्याच्या भिंतीला भिंत लावून गेलं. तळ्याकाठची माती गाढवांच्या पाठीवरून यायची. माती आणायचं काम नसलं की पुढचे दोन पाय दोरीने जवळ बांधून त्यांना मोकळं सोडून देत. मोकळं आणि तेही पाय बांधून. (नोकरी लागल्यावर ही अवस्था मला फार लवकर समजली.) मग ती गावभर फिरत. उसाची चिपाडं, भाजीचा पालापाचोळा, वर्तमानपत्रं, आणि निवडणुकीनंतर भिंतींवर उरलेली पोस्टरं खात. पोस्टरं खाताना ती पक्षभेद करत नसत. गावात एवढी निःपक्षपाती संस्था दुसरी नव्हती.

गाढवाकडे वीतभर अंतरावरून फारसं कुणी पाहत नाही, कारण लाथेची भीती. पण आमच्या परसातला कठडा बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीचा होता. त्यावर हनुवटी टेकून बसलं की पलीकडून एक तोंड येई, पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखं नाकपुड्यांपर्यंत पांढरं. डोळ्यांभोवतीही तसंच फिकट कडं. पापण्यांचे केस इतके लांब आणि सरळ खाली उतरलेले, की कायम काहीतरी आठवत असल्याचा भाव. कानाच्या कडा काळसर, आतून लांब मऊ केस, आणि दोन्ही कानांचा कारभार वेगवेगळा. एक कान वाण्याच्या दुकानातल्या रेडिओकडे वळलेला, दुसरा माझ्याकडे. पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत एक गडद रेघ आणि खांद्यांवरून तिला छेदणारी आडवी दुसरी. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना, जिथे गोणी घासे तिथे, केस जाऊन चामडी दिसायची. तिथे माशी बसली की फक्त तेवढीच कातडी थरथरायची. बाकीचं गाढव जागचं हलत नसे.

त्याच्या ओरडण्याविषयी लोक फार वाईट बोलतात, पण जरा बारकाईने ऐकावं. बहुतेक जनावरं श्वास सोडताना आवाज काढतात. गाढव श्वास आत घेतानाही रेकतं आणि सोडतानाही. आत जाताना वरची पट्टी, बाहेर येताना खर्ज. मधे उसंत नाही. एवढा दमसास पाहून एखाद्या बुवांनी कानाची पाळी धरायला हवी होती, पण ते राहून गेलं. आणि हा आवाज आपल्याला आळीत, पहाटे पाच वाजता, उशीखाली डोकं घालून ऐकावा लागतो हा काही गाढवाचा दोष नव्हे. तो मुळात आळीसाठी नाहीच. गाढव हे आफ्रिकेतल्या कोरड्या, उघड्या मुलखातलं जनावर. तिथे चारा विरळ, म्हणून आप्तही विरळ, लांब लांब विखुरलेले. मैलभर अंतरावरच्या नातेवाइकाला 'मी इथे आहे' हे सांगायचं तर दुसरा उपाय काय? आमच्या ट्रंककॉलच्या जमान्यातले एक काका फोनवर असेच बोलत. समोरचा माणूस औरंगाबादला असला, की त्यांचा आवाज तारेची वाट न बघता परस्पर निघे.

अडेलपणाचंही तसंच. घाबरलं की घोडं उधळतं. गाढव थांबतं. पाय रोवून उभं राहतं आणि समोरची गोष्ट नीट समजेपर्यंत पुढे सरकत नाही. खडकाळ रानात डोळे मिटून पळणारं जनावर पाय मोडून घेतं, थांबून बघणारं वाचतं. त्याच्या पूर्वजांनी हा धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवला आहे. माणसाने साधारण सात हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत त्याला माणसाळवलं, पण हा धडा काही विसरायला लावता आला नाही. पुण्यात पहिल्यांदा मॉलमध्ये गेल्यावर सरकत्या जिन्यापाशी आमचे थोरले चुलते असेच थांबले होते. उजवं पाऊल उचलून हवेत धरलेलं, नजर पायरीच्या दातांवर, मागे तुंबलेली गर्दी. काकू वर पोहोचून तिथून ओरडल्या, 'काय गाढवासारखे उभे राहिलात!' वर्णन अचूक होतं. काकांचा गुडघा आजही शाबूत आहे, काकूंच्या साडीचा काठ मात्र त्याच जिन्यात गेला.

इतकं सगळं सारखं असताना आपण नातं का नाकारतो, याचा विचार करताना मला नेहमी गधेगाळ आठवतो. शिलाहार-यादवांच्या काळात राजाने देवळाला किंवा कुणा ब्राह्मणाला जमीन दिली, की दानाचा मजकूर दगडावर कोरून तो उभा करत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकावं. मधे लेख. आणि खाली, ज्याला लेख वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र. त्यात एक स्त्री आणि एक गाढव असतं, आणि पुढचं मी सांगत नाही. अर्थ इतकाच, की हे दान जो मोडेल त्याच्या आईवर हा प्रसंग येवो. कोकणात आणि गोव्यात असे दगड बरेच सापडले आहेत, देशावरही आहेत. मुंबईत परळला मिळालेला शिलाहार अपरादित्याचा ११८७ सालचा लेख तर मोठा मार्मिक आहे. दानाचा सगळा मजकूर संस्कृतात आणि शेवटची शिवी मराठीत. कोणती गोष्ट कोणत्या भाषेत बोललेली पोहोचते, याची त्या दरबाराला पक्की जाण होती.

जुन्या दानपत्रांत दुसरीही एक धमकी नेहमीची असे. दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहील. ही संस्कृतातली. पण साठ हजार वर्षं हा आकडाच असा आहे, की तो ऐकून माणूस घाबरण्याऐवजी निवांत होतो. शिवाय किडा व्हायचं ते पुढच्या जन्मी, आणि जमीन मिळते ती या जन्मी. त्यामुळे लोकांनी हिशेब करून जमिनी बळकावल्याच असणार. तेव्हा कुणा व्यवहारी कारकुनाला सुचलं असावं, की यांना नरकाने काही होत नाही, यांना सोयरिकीने गाठा. गाढव तुझा सावत्र बाप होईल म्हणावं. लग्नाकार्यात त्याला पाहुणा म्हणून कुठे बसवशील? आणि हा उपाय लागू पडला असावा, कारण शतकानुशतकं तो दगडांवर येत राहिला. त्यात अपराध मुलाचा आणि शिक्षा आईला, हा जो आपला खास न्याय आहे तो तर आहेच. गाढवाला तर कुणी विचारलंही नाही. त्याचीही काही पसंती-नापसंती असू शकते, हे त्या दगडावर कुठे नोंदलेलं नाही. पुढे लिपी बदलली, राजे गेले, लेख वाचता येईनासे झाले, आणि काही गावांत लोकांनी त्या दगडाला शेंदूर फासून देव केला. शिवीसमोर नारळ फुटू लागले.

नांगराची कथाही अशीच. एखादं गाव उजाड करायचं, तिथे पुन्हा काही उगवू नये असं वाटलं, की त्यावर गाढवाचा नांगर फिरवत. ओडिशातल्या हाथीगुंफेच्या लेखात कलिंगचा खारवेल राजा पिथुंड नावाचं नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याचं अभिमानाने सांगतो. त्याला दोन हजार वर्षं झाली. आणि १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, वर लोखंडी पहार ठोकली, हे आपल्या शाळेत शिकवतात. पाठोपाठ जिजाऊंनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून ते वसवलं, हेही शिकवतात. गाढव फिरलं तिथे काही पिकत नाही, हा समज. त्यानंतर पुण्यात काय काय उगवलं हे डोळ्यांनी पाहिल्यावर या समजात दम नाही असंच म्हणावं लागतं. पहिली नांगरट कुणाची होती, हे मात्र एकाही पुणेकराने मला आपण होऊन सांगितलेलं नाही.

संतांनी तरी बरं वागवलं, पण तिथेही गाढवाच्या पदरी अर्धंच माप. नाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराकडे निघालेले एकनाथ, वाटेत तापल्या वाळूत पाण्यावाचून तडफडणारं गाढव, आणि देवासाठी आणलेलं पाणी नाथांनी त्याच्या तोंडात ओतणं. कीर्तनकार इथे नाथांच्या डोळ्यांतलं पाणी रंगवून सांगतात, सोबतच्या यात्रेकरूंची हळहळ सांगतात. गाढवाचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. ते उठलं असेल, अंग झाडलं असेल आणि चालू लागलं असेल. गंगाजल त्याने गंगाजल म्हणून घेतलं नाही, पाणी म्हणून घेतलं. त्या कावडीतल्या पाण्याचा इतका सरळ उपयोग रामेश्वराला पोहोचल्यावरही झाला नसता. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची व्यवस्था निदान नीट लागली. पैठणला त्याच्या मुखातून वेद आले आणि जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला त्याची समाधी आहे, तिथे यात्रा भरते. एकनाथांच्या गाढवाला समाधी नाही. आणि भागवतात अवधूत जे आपले चोवीस गुरू सांगतो, ज्यांवर नाथांनी इतकं भरभरून लिहिलं, त्या यादीत अजगर आहे, कोळी आहे, पतंग आहे, मासा आहे. गाढव नाही. चोवीस जागा होत्या.

त्याला पहिली नोकरी दिली ती चाणक्याने. चाणक्यनीतीत कुणाकडून किती गुण शिकावेत याचा एक हिशेब आहे. सिंहाकडून एक, बगळ्याकडून एक, कोंबड्याकडून चार, कावळ्याकडून पाच, कुत्र्याकडून सहा आणि गाढवाकडून तीन. म्हणजे गुणपत्रिकेत गाढव सिंहाच्या तिप्पट. ते तीन गुण असे, की दमलं तरी ओझं वाहायचं, ऊन-थंडी बघायची नाही आणि सदा समाधानी राहायचं. मी हे आत्याला वाचून दाखवलं. ती निवडत असलेल्या मेथीतून मान वर न काढता म्हणाली, 'मला बघायला आले तेव्हा तुझ्या आतोबांच्या आईने हेच तीन विचारले होते.'

आता खरं म्हणजे माझ्या घरच्या एका गोष्टीला हात घालायला हवा, कारण तिच्यामुळे मी या विषयावर तटस्थपणे लिहू शकत नाही. आमच्या गावात वर्षातून एकदोनदा एक माणूस गाढवीण आणि तिचं शिंगरू घेऊन यायचा. 'गाढविणीचं दूऽध' अशी त्याची हाळी. खोकला, डांग्या, पोटदुखी, भूतबाधा अशी यादी तो एका दमात म्हणायचा. दूध शेराने किंवा पावशेराने मिळत नसे. चमच्याने मिळे, आणि तेही गिऱ्हाइकासमोर काढून. आजही मराठवाड्याच्या बाजूला अशी माणसं गल्लोगल्ली फिरतात आणि चमच्याला रोख पैसे मोजून घेतात. डॉक्टर याला मान डोलावत नाहीत, उलट कच्चं दूध तान्ह्याच्या तोंडात घालू नका म्हणून बजावतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. पण आमच्या आजीचं वैद्यक डॉक्टरांच्या आधीचं होतं. मला कुत्रंखोकला झाला होता. तिने मला ओट्यावर उभं केलं, पदराच्या गाठीतून नाणं काढलं, आणि त्या माणसाने गाढविणीच्या पोटाशी उकिडवं बसून पितळेच्या वाटीत दोन-चार धारा काढल्या. कोमट, पातळ, गायीच्या दुधापेक्षा गोड. मला ते आवडलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण दुसरा चमचा मिळतो का म्हणून मी वाटीकडे बघत होतो.

शिंगरू आईला चिकटून उभं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. त्याच्या वाटणीतलं दूध कुठे गेलं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने तक्रार केली नाही, लाथही मारली नाही. नुसता एक कान माझ्याकडे वळवला.

पुढे वाचनात आलं, की प्रथिनं आणि साखर यांच्या प्रमाणाचा विचार केला तर माणसाच्या दुधाला फार जवळचं दूध हे गाढविणीचं. गायीचं नव्हे, म्हशीचं तर नव्हेच. जिला आपण माता म्हटलं तिच्यापेक्षा जिची आपण शिवी केली तिचं दूध आपल्या आईच्या दुधाशी जास्त जुळतं. आणि एका आईचं दूध प्यायलेले दोघे आपल्याकडे दूधभाऊ होतात, याला पोथी-पुराणांचा पाठिंबा आहे, इतिहासाचा आहे. तेव्हा हिशेब सरळ आहे. माझा एक दूधभाऊ होता, राखाडी रंगाचा, पांढऱ्या नाकाचा. गधेगाळ कोरणाऱ्यांनी ज्या नात्याची धमकी देऊन राज्यं राखली, ते नातं आजीने एका नाण्यात, आमच्याच ओट्यावर, चारचौघांत जुळवून दिलं. आमच्या घराण्याने कुणाचं दान मोडल्याचं ऐकिवात नाही. ते विनाकारण झालं.

हा दूधभाऊ पुढे कुठे गेला असेल हा विचार डोक्यात होता म्हणूनच बहुधा मी पौष पौर्णिमेला जेजुरीला गेलो. खंडोबाच्या यात्रेला तिथे गाढवांचा बाजार भरतो. गडाखाली, बंगाली पटांगणाच्या बाजूला, थंडीत शेकोट्या पेटलेल्या, आणि त्यांच्याभोवती जिकडे पाहावं तिकडे कान. कुंभार, वडार, बेलदार, वैदू, कैकाडी, परीट अशा सगळ्यांची मंडळी, कुणी काठेवाडाहून जनावरं घेऊन आलेली. काठेवाडी गाढव उंच, रंगाने पांढुरकं, भाव खाणारं. गावठी त्याच्या शेजारी उभं केलं, की चुलत-सावत्र भावासारखं दिसतं. किंमत दातांवर. दोन दात आले की दुवान, चार आले की चौवान, तोंड भरलं की अखंड. गिऱ्हाईक वरचा ओठ उचलून बघतं, दातांवर अंगठा फिरवतं, मग चार पावलं चालवून बघतं. गाढव हे सगळं लांबच्या पाहुण्याने चौकशी करावी तसं सोसतं.

पूर्वी या भटक्या मंडळींची वर्षातून एकत्र यायची ठिकाणं म्हणजे जेजुरी आणि नगरकडची कानिफनाथांची मढी. मढीलाही गाढवांचा बाजार. इथेच जातपंचायती बसत, भांडणं मिटत आणि पोरापोरींच्या सोयरिकीही जुळत. एका अंगाला जनावराचे दात, दुसऱ्या अंगाला स्थळ. एक म्हातारे गृहस्थ शेकोटीशी बसून मला सांगत होते, की त्यांचं लग्न याच पटांगणात ठरलं. मी विचारलं, तुम्ही मुलगी कशी पाहिलीत? ते म्हणाले, 'मी कसली बघतोय! तिच्या बापानं आधी माझी गाढवं बघितली. त्यांच्या पाठी बघितल्या, कुठं जखम हाय का. मग म्हणाला, पोरगी देतो.' माणूस पारखायची याहून चोख रीत मला तरी माहीत नाही. हल्ली पत्रिका बघतात, पॅकेज बघतात. ओझ्याखालच्या पाठी कोण बघतो.

बाजार आता आटला आहे, असं सगळेच म्हणत होते, आणि आकडेही तेच सांगतात. देशातल्या पशुगणनेत २०१२ साली गाढवं तीन लाख वीस हजारांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती सव्वा लाखाच्या आत आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट. माती ट्रॅक्टरने येते, वाळू डंपरने, धुणं यंत्रात जातं, वीटभट्टीवर टेम्पो. शिवाय चीनमध्ये गाढवाची कातडी उकळून एक औषधी सरस करतात, त्यापायी जगभर गाढवं मारली जाताहेत. शेवटी २०२४ मध्ये आफ्रिकी देशांच्या संघाला कातड्यांसाठी होणाऱ्या कत्तलीवर बंदी घालायची वेळ आली. चीनमधल्या त्या सरसाने म्हणे तारुण्य टिकतं. सात हजार वर्षं ज्याच्या पाठीवर बसलो त्याची पाठच आता आपण खायला काढली.

गाडी जात नाही तिथे मात्र अजून त्याच्यावाचून अडतं. पुण्यात मी राहतो ती जुन्या पेठेतली गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या गृहिणी मोजतात. तिथे मागे एका वाड्याची दुरुस्ती निघाली. टेम्पो चौकातच थांबला आणि विटा आत आणायला गाढवं आली. पाठीवर दुहेरी गोणी, दोन्हीकडे मोजून सारख्या विटा, पुढचं चाललं की मागचं त्याच्या शेपटीला नाक लावून निघालं. बरोबर हाकायला एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, कानात मोबाइलची वायर. गल्लीने पहिल्या दिवशी नाकं मुरडली, लीद पडते म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरले. दुसऱ्या दिवशी समोरच्या आजी शिळ्या पोळ्या घेऊन दारात उभ्या. त्या पोळी भरवताना म्हणत होत्या, 'खा रे बाबा, खा. दमलास.' त्यांच्या घरात कुणाशीही त्या इतक्या मऊ आवाजात बोललेल्या मी ऐकलेलं नाही, आणि भिंती पातळ आहेत.

त्या पोराला मी विचारलं, यांना नावं काय? तो म्हणाला, 'नावं नाय वो. पुढचा तो पुढचा, मागचा तो मागचा.' मग जरा थांबून, ओशाळून, 'ती पांढऱ्या पायाची हाय ना, तिला आमची आई शांते म्हनती. आमच्या मावशीचं नाव हाय.' मावशीला माहीत आहे का, असं विचारल्यावर तो नुसता हसला.

एका सकाळी मी स्कूटरवरून कामाला निघालो तर गल्लीच्या तोंडाशी हीच शांता थांबलेली. महापालिकेने आदल्या रात्री तिथे चेंबरवर नवं लोखंडी झाकण बसवलं होतं, अजून चकचकीत. ती त्याच्या अलीकडे पाय रोवून उभी, मान खाली, दोन्ही कान पुढे. पाठीवर विटा. तिच्यामागे तिघी-चौघी बहिणी, त्यांच्यामागे माझी स्कूटर, माझ्यामागे दूधवाला, त्याच्यामागे शाळेची व्हॅन आणि व्हॅनमागे एक मोटार, जिने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मी घड्याळ बघितलं. पोरगा काठी काखेत मारून, भिंतीला टेकून उभा होता.

'अरे, मार की तिला!' मोटारीतून कुणीतरी ओरडलं.

त्याने कानातली वायर काढली. 'मारून काय हुतंय? थांबा जरा. तिचा इचार चाललाय.'